ते बीचवरचे रंग खरे असतात का?

प्रश्न (वाचक, एडिसन, न्यू जर्सी): मी मूळची कोल्हापूरची, जन्म ऐंशीच्या दशकातला. पण फोनवर ते १९४०-५० मधले अमेरिकन बीचचे रंगवलेले फोटो आले की मी बघतच बसते. कोनी आयलंड, अटलांटिक सिटी, लाल स्विमसूट, पट्ट्यापट्ट्यांच्या छत्र्या, आणि आतून कसंतरी होतं, आपलंच काहीतरी गेलंय असं वाटतं. नवरा म्हणतो तेव्हा आपलं इथे होतं कोण, तुला कसली आठवण येते? हा वेडेपणा आहे का? आणि ते रंग खरे असतात का?

उत्तर: वेडेपणा अजिबात नाही. आधी रंगांचं सांगते. रंगवलेल्या फोटोंतले रंग बहुतेक वेळा अंदाजाने भरलेले असतात. ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर फक्त उजेड कमी की जास्त तेवढंच उतरतं, लाल स्विमसूट आणि हिरवा स्विमसूट अगदी सारख्या करड्या रंगाचे येऊ शकतात, मग फोटोशॉपवर बसलेला माणूस किंवा हल्ली एआय ठरवतं की ही बाई लालच घालून आली होती. आकाशाचं तर विचारूच नका. ती फिल्म निळ्या उजेडाला फार पटकन पकडते म्हणून निळंशार आकाश काय आणि ढगाळ काय, दोन्ही पांढरंफटक येतं आणि रंगवणारा दोन्हीला निळंच करून टाकतो. एआयला खात्री नसली की ते शक्य असलेल्या रंगांची सरासरी काढून काहीतरी मातकट लावतं, त्यावर उपाय म्हणून कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये जास्त ठसठशीत रंग निवडणारी पद्धत काढली. दिसायला छान झालं, पण ठसठशीत आहे म्हणून खरं आहे असं नाही ना होत.

आणि हे उद्योग आजचे नाहीत बरं का. शिकागोची कर्ट टाइख नावाची कंपनी होती, ती त्याच काळात ब्लॅक अँड व्हाइट फोटोवरून कापडासारख्या खरखरीत कागदावर रंगीत पोस्टकार्डं छापायची. तिथले कलाकार विजेचे खांब, तारा पुसून टाकायचे आणि समुद्र हवा तेवढा निळा करायचे. म्हणजे ज्या लोकांनी ते दिवस जगले त्यांनाही ते सजवूनच विकले जात होते.

पण माझा खरा मुद्दा वेगळा आहे. त्या काळाचे अस्सल रंगीत फोटो भरपूर आहेत आणि आपण ते सोडून अंदाजाचे रंग बघत बसतो याचं मला मनापासून वाईट वाटतं. कोडॅक कंपनीची कोडाक्रोम ही रंगीत फिल्म १९३५ मध्ये आली, आधी सिनेमाच्या कॅमेऱ्यासाठी आणि पुढच्या वर्षी साध्या कॅमेऱ्यासाठी. तिचा स्पीड होता जेमतेम १०, म्हणजे रखरखीत ऊन असल्याशिवाय हातात कॅमेरा धरून फोटो काढणं अवघडच. मग लोक ती कुठे वापरणार, तर बीचवर, सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, सूर्य पाठीमागे ठेवून. त्यामुळे समोरच्या माणसाच्या डोळ्यांवर ऊन यायचं. एखादी खरी कोडाक्रोम स्लाइड, म्हणजे प्रोजेक्टरवर बघायची पारदर्शक फिल्म, नीट बघा, कपाळाला आठ्या, डोळे बारीक केलेले, एक हात भुवयांवर. तेव्हा रोजच ऊन पडायचं असं आपल्याला वाटतं त्यात या फिल्मचाही मोठा हात आहे.

आता हुरहूर कसली. वीजी नावाचा न्यूयॉर्कचा फोटोग्राफर होता, त्याने जुलै १९४० मध्ये कोनी आयलंडच्या गर्दीचा एक फोटो काढलाय, ब्लॅक अँड व्हाइटच. वाळूचा कण दिसत नाही, माणसं माणसांना चिकटून उभी आणि त्यातले कितीतरी कॅमेऱ्याकडे बघून हात हलवतायत. हे सगळे तिथे आले पाच सेंटच्या सबवे तिकिटावर, १९४८ पर्यंत भाडं तेवढंच होतं. घरी एसी नाही, खोल्या तापलेल्या, मग चला समुद्रावर. मला वाटतं तुम्हाला जे ओढतं ते हे आहे, कारखान्यातला माणूस आख्खं घरदार घेऊन दिवसभर समुद्रावर जाऊ शकत होता, खिसा न बघता. त्यासाठी तिथली आठवण असायला लागत नाही. नवऱ्याचं म्हणणं मात्र खरं आहे, १९४६ च्या कायद्याने भारतातून वर्षाला फक्त १०० जणांना अमेरिकेत कायमचं राहायला येता येत होतं, दार मोठं उघडलं ते १९६५ च्या कायद्यानंतर.

प्रश्न (वाचक, नाशिक): या फोटोंत काळे लोक जवळजवळ दिसतच नाहीत. ते बीचवर जायचे नाहीत का?

उत्तर: जायचे, पण बऱ्याच ठिकाणी त्यांना येऊ दिलं जायचं नाही. मायामीत मे १९४५ मध्ये काही काळे लोक फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या हॉलओव्हर बीचवर मुद्दाम पाण्यात उतरले, मग त्याच ऑगस्टमध्ये त्यांना व्हर्जिनिया की नावाच्या बेटावर वेगळा बीच दिला गेला, जिथे पूल होईपर्यंत म्हणजे १९४७ पर्यंत बोटीनेच जावं लागायचं. मिसिसिपीत बिलॉक्सीच्या बाजूचा सुमारे २६ मैल लांब किनाराही काळ्यांना बंद होता, तिथे गिल्बर्ट मेसन नावाचे काळे डॉक्टर १९५९ पासून लोकांना घेऊन समुद्रात उतरत होते. २४ एप्रिल १९६० ला गोऱ्या जमावाने साखळ्या, काठ्या घेऊन त्यांना मारलं. तो किनारा कोर्टातून सगळ्यांसाठी खुला व्हायला १९६८ उजाडलं. म्हणून गोड गोड रंगवलेला दक्षिणेतला बीच दिसला की मी आधी कोण नाहीये ते बघते, आणि तुम्ही विचारलंत याचा मला खरंच आनंद झाला.

प्रश्न (वाचक, ठाणे): काका १९५८ च्या सुमारास शिकायला अमेरिकेत होते. त्यांच्या सामानात पुठ्ठ्याच्या चौकटीतल्या स्लाइड्स मिळाल्या, काही बीचच्या आहेत. रंग अजून छान आहेत. रंग आणखी उजळून घेऊ का?

उत्तर: नका हो! चौकटीवर कोडाक्रोम छापलंय का ते बघा, नाहीतर स्लाइड उजेडात तिरकी धरा, कोडाक्रोमवर चित्राच्या कडा किंचित उठलेल्या दिसतात. ही फिल्म अंधारात असली तर रंग फार छान धरून ठेवते, त्याच काळातल्या कितीतरी दुसऱ्या फिल्म लालसर पडल्यात. प्रोजेक्टरवर मात्र पुन्हापुन्हा लावू नका, त्या उजेडाने ती फिकी पडते. स्कॅन करताना आपोआप धूळ काढणारं सेटिंग बंद ठेवा, कोडाक्रोमवर ते नीट चालत नाही, बारीक तपशील खाऊन टाकतं. आणि ठाण्याची हवा दमट, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात त्या बदलत जा, नाहीतर बुरशी लागेल.