आईच्या दगडावर पप्पांचंही नाव?

“आईच्या कबरीवरच्या दगडावर पप्पा स्वतःचंही नाव कोरून घ्यायचं म्हणताहेत. त्यांच्या मनात काही भलतंसलतं तर नसेल ना?”

अहिल्यानगरच्या एका ख्रिस्ती कुटुंबातली लेक हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला आली होती. जोडीदार गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षात आईवडील असं काही बोलले की मुलं धास्तावतात. म्हणून कुटुंबाच्या संमतीनं, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून हे लिहिते आहे.

वडील निवृत्त चित्रकला शिक्षक. कबरीवर काळ्या ग्रॅनाइटचा दगड बसवायचा आणि त्याची आखणी स्वतः करायची असं त्यांनी ठरवलं, तेव्हा घरात सगळ्यांना बरंच वाटलं होतं. मग एकदा लेकीच्या हाती त्यांचा आलेखकागद लागला. डावीकडे आईचं नाव, जन्म, मृत्यू. उजवीकडे वडिलांचं नाव, जन्मतारीख आणि पुढं नुसती रेघ. तिच्या काळजात धस्स झालं. तेव्हापासून ती पुण्याहून सारखी फोन करायची, जेवलात का विचारायची आणि दगडाचा विषय निघाला की घाईघाईनं फोन ठेवायची.

नवराबायकोसाठी एकच दगड करायचा आणि मागं राहिलेल्याची जागा मोकळी सोडायची, ही रीत जुनी आहे. जागा अपुरी असलेल्या दफनभूमींत घरातल्या माणसासाठी जुनी कबर पुन्हा उघडतातही. त्यामुळे त्या रेघेनं मी घाबरले नाही. पण तेवढ्यावर सोडूनही देता येत नाही. माणूस जेवतो का, झोपतो का, रक्तदाबाच्या गोळ्या घेतो का, जपलेल्या वस्तू एकाएकी वाटत सुटलाय का, ‘माझं तुम्हाला ओझं झालंय’ असं वारंवार म्हणतो का, हे बघावं लागतं. आणि थेट विचारावं लागतं. विचारल्यानं तो विचार डोक्यात भरतो ही भीती खरी नाही. उलट, कुणीतरी विचारलं याचंच अनेकांना हायसं वाटतं.

पुढच्या भेटीला सर स्वतः आले. “सलाम” म्हणून बसले. मी विचारलं, “सर, जीव संपवावा असं कधी मनात येतं का?” लेक दचकून माझ्याकडे बघायला लागली. सर थोडं थांबले.

“सुरुवातीला वाटायचं, सकाळी जागच आली नाही तर बरं. स्वतःहून काही करावं असं नाही वाटलं. आता तर उठल्या उठल्या आखायला बसायची घाई असते.”

मग त्यांनी पिशवीतून मिस्त्रीचा नमुना काढला. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ ही बायबलमधली ओळ कॉम्प्युटरवर जुळवलेली, आणि त्यातला ‘श्व’ फुटून ‘श्‌’ आणि ‘व’ वेगळे पडलेले. “जन्मभर पोरांना अक्षर शिकवलं. तिच्या उशाला असलं अक्षर लावू? आणि मी गेल्यावर माझंही नाव असंच लावतील. म्हणून दोन्ही आत्ताच काढून ठेवतोय.”

लेकीला रडू आलं. “पण पप्पा, दर वेळी फुलं ठेवताना मला ती रेघ दिसणार.”

दोघांचंही खरं होतं, आणि महिनोन्‌महिने दोघं हे एकमेकांना सोडून बाकी सगळ्यांशी बोलले होते. मी तोडगा सुचवला नाही. तो त्यांच्याच बोलण्यातून निघाला: दगडावर उजवी बाजू कोरी ठेवायची, आणि सरांनी आपल्या नावाची अक्षरं पूर्ण आकारात ट्रेसिंग पेपरवर काढून लेकीकडे द्यायची. आई चर्चच्या वेदीसाठी क्रोशाचे रुमाल विणायची, त्या विणीची किनार लेकीनं काढावी असंही तिथंच ठरलं. दगडावरचं बायबलचं वचन लेकीच्या धाकट्या भावाच्या पसंतीचं राहिलं.

अशा कामात घाई करू नये असं माझं ठाम मत आहे, आणि त्याला दुःखाइतकंच मातीचंही कारण आहे. ताजी कबर खचते. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. निदान एक पावसाळा जाऊ दिला आणि खाली पक्का पाया घातला, तर दगड कलत नाही. तेवढ्या अवधीत घरातलं बोलणंही होतं. दगडाची मापं चर्चच्या कमिटीला आधी दाखवावीत, नाहीतर कोरलेला दगड दारात पडून राहतो. संगमरवर दिसतो सुंदर, पण पावसापाण्यात त्यावरची अक्षरं झिजत जातात. ग्रॅनाइटवर खोल कोरलेलं अक्षर टिकतं, लेसरनं उमटवलेला फोटो मात्र वरवरचाच असतो.

तुमच्या घरी उत्तर वेगळं आलं, आणि जगणं नकोसं झाल्याचं कुणी बोललं, तर दगडाची चर्चा बाजूला ठेवा आणि त्यांना एकटं सोडू नका. टेलि-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मराठीत, कुठल्याही वेळी बोलता येतं.

दगड बसल्यावर लेकीचा पुन्हा फोन आला. आता चर्चच्या मंडळीतले इतर लोकही सरांकडून अक्षरं काढून नेतात. “दिवसभर गेलेल्यांचीच नावं काढत बसतात, चालेल का हो?” मी विचारलं, जेवतात? झोपतात? “हो, आणि वेलांट्यांवरून मिस्त्रीशी वादही घालतात.”

मग काढू द्या, म्हटलं.