वाचकांचे प्रश्न : वारस नोंद अडली, दाखला रखडला

प्रश्न : वडिलांच्या निधनानंतर आम्ही वारस नोंदीचा अर्ज तलाठी कार्यालयात दिला, पण पोच मिळाली नाही. चौकशी केली की ‘कागद सर्कलकडे गेले’ असे सांगतात आणि सर्कल म्हणतात, आमच्याकडे काही आलेलेच नाही. एका माणसाने ‘वरचा खर्च’ केल्यास काम होईल असे सुचवले आहे. सोसायटीचे पीककर्ज त्यामुळे अडले आहे.
— एक शेतकरी वाचक

उत्तर : झालेल्या विलंबापेक्षा तुमच्याकडे पोच नसणे मला अधिक गंभीर वाटते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ नुसार वारसाने हक्क प्राप्त झाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला वर्दी, म्हणजे सूचना, द्यायची असते आणि वर्दी मिळताच तलाठ्याने लेखी पोच द्यायची असते. ही पोच म्हणजे मेहेरबानी नव्हे. ती नसेल तर कागद नेमका कोणाकडे अडला हे कोणालाही सिद्ध करता येत नाही. म्हणून अर्ज पुन्हा द्या. तो ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीतून घरबसल्या भरता येतो आणि त्याचा क्रमांक मिळतो. कागदावरच द्यायचा असेल तर दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नका. अर्जात आई आणि बहिणींची नावे आहेत ना, हेही पाहा. ती वगळल्यामुळे पुढे उभे राहणारे वाद या विलंबापेक्षा कितीतरी लांबतात, आणि त्यांचा हक्क तुमच्याइतकाच आहे.

पुढचा क्रम ठाऊक असला की तोंडी उत्तरांवर विसंबावे लागत नाही. वारसांची चौकशी होऊन गाव नमुना ६-क या वारस नोंदवहीत नोंद होते, मग फेरफार नोंदवहीत फेरफार, म्हणजे हक्कातील बदलाची नोंद, धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस दिले जातात आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी, म्हणजे तुम्ही म्हणता ते सर्कल, फेरफार प्रमाणित करतात. त्यानंतरच नाव सातबाऱ्यावर चढते. तेव्हा ‘काम कधी होईल’ असे न विचारता ‘फेरफार क्रमांक पडला का, नोटीस कोणत्या तारखेला निघाली’ असे विचारा. उत्तर टाळले गेले तर माहिती अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून तालुक्याच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे आपल्या अर्जावर तारखेनिहाय काय कार्यवाही झाली याची माहिती मागा. ती तीस दिवसांत द्यावी लागते. आपला कागद कोणाच्या टेबलावर आहे एवढे कळण्यासाठी नागरिकाला वेगळा अर्ज करावा लागणे मला मुळीच योग्य वाटत नाही, परंतु आज तरी हाच मार्ग हमखास उपयोगी पडतो.

‘वरचा खर्च’ देऊ नका. कोणी लाच मागत असेल तर पैसे देण्यापूर्वीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाशी १०६४ या निःशुल्क क्रमांकावर संपर्क साधा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही गुन्हा आहे; जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार करणाऱ्यालाच कायद्याचे संरक्षण मिळते.

प्रश्न : मुलीच्या प्रवेशासाठी सेवा केंद्रातून दाखल्याचा अर्ज केला. मुदत उलटली, तरी ‘साहेब रजेवर आहेत’ एवढेच उत्तर मिळते.
— एक पालक

उत्तर : अधिकारी रजेवर गेल्याने मुदत थांबत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत द्यावी लागते किंवा लेखी कारणासह नाकारावी लागते. सेवेची मुदत, पदनिर्देशित अधिकारी (सेवा देण्याची जबाबदारी असलेला) आणि अपिलीय अधिकारी (अपील ऐकणारा) यांची माहिती कार्यालयातील फलकावर असली पाहिजे. पावतीवरील अर्ज क्रमांक देऊन मुदत संपल्यापासून तीस दिवसांत प्रथम अपील करा. ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरूनही ते दाखल होते. पहिले आणि दुसरे अपील त्याच यंत्रणेतील वरिष्ठांसमोर चालते, त्यामुळे अनेक जण आधीच हात टेकतात. मला हा या कायद्याचा कच्चा दुवा वाटतो. तरीही ते करा, कारण तिसरे अपील राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे जाते आणि पुरेसे कारण नसताना सेवा रोखल्याचे ठरल्यास संबंधित अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. प्रवेशाची शेवटची तारीख जवळ असेल तर अपिलात ती ठळकपणे लिहा आणि प्रवेशपत्रिकेची प्रत जोडा.