‘स्टीफन्स क्विंटेट’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आला आहे : महाश्व (पेगासस) तारकासमूहात एकत्र दिसणाऱ्या पाच दीर्घिकांना (गॅलेक्सींना) इंग्रजीत ‘स्टीफन्स क्विंटेट’ म्हणतात, त्यांना ‘पंचक’ म्हटले तर पंचांगातल्या अशुभ पंचकाशी गल्लत होईल का? शिवाय त्या पाचांतली एक दीर्घिका त्या गटातली नाहीच, मग पंचक म्हणणे चूक नाही का?

माझे मत स्पष्ट आहे : पंचकच म्हणावे.

संख्येला ‘क’ लागून समुदायवाचक नाम होते, ते आपण रोज वापरतो. चतुष्क, षट्क, गाण्यातले सप्तक, दशक, शतक. पाणिनीने या प्रत्ययासाठी जे अर्थ सांगितले त्यांत ‘संघ’ हा एक आहे, आणि त्याच्या सूत्रांवरच्या ‘काशिका’ या टीकेत त्याचे उदाहरणच ‘पञ्चकः सङ्घः’ असे दिले आहे. नेमका हवा तो अर्थ! ‘क’ फक्त मोजतो. पाचांचे आपसांत नाते काय, याबद्दल काही बोलत नाही. इथे तेच हवे. १८७७ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेच्या वेधशाळेतून हे पाच ठिपके जगापुढे आले तेव्हा ते एकत्र दिसतात एवढेच ठाऊक होते. १९६१ मध्ये बर्बिज या खगोलशास्त्रज्ञ दांपत्याने त्या किती वेगाने दूर जातात ते मोजले आणि पाचांतली एनजीसी ७३२० ही दीर्घिका वेगळी पडली. ती सुमारे ४ कोटी प्रकाशवर्षांवर आहे, बाकीच्या चौघी सुमारे २९ कोटींवर. ‘पाच बहिणी’ म्हटले असते तर नाव खोटे ठरले असते. ‘पंचायतन’ म्हटले असते तर मधला देव कोणता, ते सांगावे लागले असते.

पंचांगातल्या पंचकाची भीती नको. धनिष्ठेच्या उत्तरार्धापासून रेवतीपर्यंत चंद्र असतो त्या काळाला ते नाव आहे, आणि तिथेही पाच नक्षत्रे मोजलेलीच आहेत. त्यांतल्या दोन भाद्रपदांच्या चौकोनातले तीन तारे महाश्वातच येतात, याचे मला फार अप्रूप वाटते.

अशा जवळजवळ असलेल्या थोड्या दीर्घिकांना इंग्रजीत ‘कॉम्पॅक्ट ग्रुप’ म्हणतात, त्यासाठी मात्र ‘संहत समूह’ नको. ‘दाट गट’ म्हणावे. दाट झाडीत झाड दाट नसते, दोन झाडांमधली जागा कमी असते, दीर्घिकांचेही तसेच. खगोलशास्त्रज्ञ पॉल हिक्सनने १९८२ मध्ये अशा १०० गटांची यादी केली, त्यात हे पंचक ९२ वे. ‘गुच्छ’ हा शब्द शेकडो-हजारो दीर्घिकांच्या मोठ्या समुदायासाठी राखून ठेवावा. आणि ‘आकाशगंगा’ हे आपल्या एकट्या दीर्घिकेचे विशेषनाम आहे, तेव्हा ‘पाच आकाशगंगा’ लिहू नये. दीर्घिका म्हणजे संस्कृतात लांबट तळे, विहीर. गंगेशेजारी तळी शोभतातही.

राहिला स्टीफन. हे पाच ठिपके जगापुढे आणणारे ते एदुआर स्तेफां, फ्रेंच होते. ‘स्तेफां पंचक’ लिहावे. विभक्तीचा प्रत्यय न लावताही अर्थ कळतो.