वाचकांचे प्रश्न: ॲडव्हेंचर टूरर घ्यायची, चालवायची, उचलायची

या वेळी आलेल्या पत्रांमधली निम्म्याहून जास्त ॲडव्हेंचर टूरर, म्हणजे चांगल्या-वाईट दोन्ही रस्त्यांवर लांब पल्ल्याला चालणाऱ्या मोटारसायकलींबद्दलचीच आहेत, म्हणून सगळं पान त्यांनाच देतोय. माझ्याकडं 2018 पासून रॉयल एनफील्डची हिमालयन 411 आहे, त्यामुळं उदाहरणं तिचीच जास्त येतील, पण तुमच्याकडं हीरोची एक्सपल्स असो, सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स असो की केटीएम 390 ॲडव्हेंचर, बहुतेक गोष्टी सारख्याच लागू पडतात.

प्रश्न: माझी उंची 5 फूट 4 इंच आहे. शोरूममध्ये बसून बघितलं तर फक्त चवडे टेकतात, टाच हवेत राहते. मित्र म्हणतात नाद सोड. घेऊ का नको? – एक वाचक, कराड

घ्या. पण शोरूममध्ये स्टँडवर उभ्या गाडीवर बसून ठरवू नका, टेस्ट राइड घ्या आणि ती पण स्वतःचे रोजचे बूट घालून. हिमालयन 411 ची सीट 800 मिमी उंच आहे, नंतर आलेल्या हिमालयन 450 ची 825, व्ही-स्ट्रॉम एसएक्स 835 आणि जुनी 390 ॲडव्हेंचर 855. आकडे बघून छाती दडपते, पण आपण बसलो की सस्पेन्शन थोडं खाली बसतं आणि सीट पुढं अरुंद असेल तर पाय सरळ खाली जातो, त्यामुळं 800 ची रुंद सीट आणि 820 ची अरुंद सीट यात पाय टेकायला फारसा फरक राहत नाही. आणि दोन्ही पाय एकदम टेकायची गरजच नसते हो. थांबताना ब्रेक उजव्या पायानं धरायचा, अंग जरा डावीकडं सरकवायचं आणि डावा तळपाय पूर्ण टेकायचा, एवढी सवय लागली की झालं, पंधरा दिवसात लागते.

खरा प्रश्न उंचीचा नाही, वजनाचा आहे. 411 पेट्रोल वगैरे भरून 199 किलो भरते, एक्सपल्स 160 च्या आतबाहेर. उतारावर मागं घ्यायची, खडीत वळवायची, तिथं हे 40 किलो कळतात. म्हणून गाडी लावताना आधीच बघायचं की निघताना मागं ढकलायला लागणार का, तोंड नेहमी बाहेरच्या बाजूला करून लावायची.

आणि गाडी पडणार हे धरूनच चाला. थांबताना पाय खड्ड्यावर पडला की गाडी कलते, एका ठरावीक कोनापुढं ती कुणालाच सावरत नाही, तेव्हा कमरेचा हिसका बसवून घेऊ नका, पाय बाजूला काढा आणि पडू द्या, त्यासाठीच तर क्रॅश गार्ड असतं. मग इंजिन बंद करायचं, गिअरमध्ये टाकायची, उजव्या बाजूला पडली असेल तर साइड स्टँड आधीच काढून ठेवायचा म्हणजे उचलल्यावर पलीकडं जाणार नाही. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवायचं, गाडीकडं पाठ करून ढुंगण सीटला लावायचं, एक हात हँडलच्या मुठीवर, दुसरा मागच्या ग्रॅब रेलवर, आणि पाठ ताठ ठेवून छोटी छोटी पावलं मागं टाकत पायांच्या ताकदीनं ढकलायचं. गाडी घेतल्यावर पहिल्याच रविवारी मित्राला बरोबर घेऊन गवतावर गाडी आडवी करा आणि तीनदा उचला. एकदा आपल्याला उचलता येते हे कळलं ना की अर्धी भीती तिथंच जाते, मग चवडे टेकतात का टाचा याचा विचार पण मनात येत नाही.

प्रश्न: ट्यूबचे टायर असलेली गाडी घेतली, आता सगळे म्हणतात ट्यूबलेस घ्यायला हवी होती. पंक्चर झालं की काय करायचं? – एक वाचक, पुणे

सगळे म्हणतात त्यात तथ्य आहे. ट्यूबलेसला खिळा काढायचा, भोकात रबराची स्ट्रिप भरायची, हवा भरायची, दहा मिनिटात तुम्ही परत रस्त्यावर. पण ट्यूबलेस बहुतेक अलॉयच्या, म्हणजे ओतीव चाकावर असतात, आणि आऱ्यांचं चाक खड्ड्याचा मार जसा सोसतं तसं अलॉय सोसत नाही, अलॉय तडकलं तर वाटेत कुणी सरळ करून देत नाही. हिमालयन 450 ला आता आरेवाली ट्यूबलेस चाकं पण मिळतात, बजेट असेल तर उत्तमच. तुमच्याकडं ट्यूब आहे तर मग पंक्चर स्वतः काढायला शिका, दुसरा इलाज नाही.

माझं सांगतो. तीन वर्षांपूर्वी भोरहून वरंधा घाटाकडं जाताना मागचं चाक बसलं. जवळच्या दुकानात नेलं, तिथल्या मुलानं मोठे टॉमी, म्हणजे टायर काढायच्या लोखंडी पट्ट्या, घालून टायर ओरबाडून काढला आणि बसवतानाही तसाच, हवा भरली, आणि आठ किलोमीटरवर परत फुस्स. उघडून बघतो तर खिळ्याचं भोक नीट बुजवलेलं आणि शेजारी शेजारी दोन नवीन चिरा, टायर बसवताना ट्यूब टॉमी आणि रिमच्या मध्ये चिमटली होती. त्या दिवशी ठरवलं की हे काम आपण शिकायचंच.

टायर बसवायला ताकद लागत नाही, एक गोष्ट कळावी लागते. रिमच्या मधोमध खोलगट पन्हळ असते. टायरची कड समोरच्या बाजूला गुडघ्यानं दाबून त्या पन्हळीत ढकलली की इकडच्या बाजूला ढील मिळते आणि टॉमीचा एवढा एवढा घास घेत कड चढते. कडेला साबणाचं पाणी लावायचं. ट्यूब आत घालण्याआधी तिच्यात थोडीशी हवा भरायची, म्हणजे ती गोल राहते आणि टॉमीखाली येत नाही. आणि ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोटं फिरवून बघायचं, हळू, कारण खिळा किंवा काटा अजून आतच असतो आणि नवीन ट्यूबही तोच फोडतो.

सामान म्हणजे दोन छोटे टॉमी, ऍक्सलचे पाने, पॅचचा किट, छोटा एअर पंप आणि एक जादाची ट्यूब, पण ती पुढच्या 21 इंची चाकाची घ्या. 21 ची ट्यूब खेड्यातल्या दुकानात सहसा मिळत नाही, आणि अडीनडीला तीच मागच्या 17 किंवा 18 च्या चाकात घालून हळूहळू मोठ्या गावापर्यंत जाता येतं, उलटं मात्र जमत नाही. 411 ला सेंटर स्टँड कंपनीकडूनच आलाय, तुमच्या गाडीला नसेल तर बाकी सगळ्या ॲक्सेसरीज राहू द्या, आधी तो बसवून घ्या.

प्रश्न: बायकोला घेऊन गोव्याला जायचंय. बाजूला लोखंडी पेट्या लावू का कापडी बॅगा? – एक वाचक, सांगली

दोघांना कापडीच पुरतात. पेट्या दिसायला भारी आणि कुलूपबंद, पण रिकाम्या पेट्या आणि त्यांचा सांगाडा मिळूनच बऱ्यापैकी वजन होतं, आणि गाडी पडली की पाय पेटीखाली अडकायची भीती. जड सामान खाली आणि पुढं, म्हणजे वहिनींच्या पायांच्या जवळ येईल असं ठेवा. टॉप बॉक्समध्ये फक्त रेनकोट आणि हलकी चीजवस्तू, कारण तो मागच्या चाकाच्याही मागं लटकतो, तिथं जड भरलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल डुलायला लागतं. मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, वाढवून घ्या, नाहीतर मागून गाडी बसते आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो. आंबोलीच्या वळणांवर हे सगळं कळेल. आणि दर तासाभरानं थांबा, मागं बसणाऱ्याला हँडल धरायला नसतं, त्याची पाठ तुमच्या आधी भरते.

प्रश्न: चार वर्षांपूर्वी लडाखला जायचं म्हणून हिमालयन घेतली. सुट्टी जमली नाही, मग मुलगा झाला, मग आईचं आजारपण. गाडी 6 हजार किमी पण चालली नाही, घरचे म्हणतात विकून टाक. स्वप्न सोडून द्यावं का? – एक वाचक, सातारा

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. अशी पत्रं दर महिन्याला येतात आणि प्रत्येक वेळी मला वाईट वाटतं, कारण या गाड्या लडाखच्या नावानं विकल्या गेल्या आणि लडाखच्या नावानं पार्किंगमध्ये उभ्या राहिल्या. विकू नका, निदान हे वाचून होईपर्यंत तरी.

खारदुंगला 5,359 मीटरवर आहे, तिथं हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळपास निम्मा असतो, म्हणजे इंजिनाला हवा पण निम्मी आणि ताकद पण साधारण निम्मी. 411 चे जे 24 बीएचपी आहेत ते तिथं 12-13 वर येतात. मी जाऊन आलोय, सुंदर आहे, आयुष्यात एकदा जावंच. पण या गाडीची खरी मजा कुठं आहे विचाराल तर ती खराब झालेल्या रस्त्यावर चाळीस-पन्नासच्या स्पीडनं जाण्यात आहे, 32 न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, इंजिन हळू फिरत असतानाच मिळते, तिसऱ्या गिअरमध्ये खड्डे, खडी, चढ सगळं गिळत जाते, फुटरेस्टवर उभं राहिलात की खालून रस्ता निघून जातो आणि वर तुम्ही निवांत. आणि असा रस्ता साताऱ्यापासून किती लांब आहे सांगा बरं?

शनिवारी पहाटे निघा. उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, आणि दुपारपर्यंत गुहागर. मुक्काम तिथंच. रविवारी हायवेला न जाता किनाऱ्याकिनाऱ्यानं वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळच्या जेट्टीवर या. तिथून फेरीबोट जयगडला सोडते. बोटीत चढताना लोखंडी पत्रा ओला असतो, त्यावर पुढचा ब्रेक अजिबात दाबू नका, पहिल्या गिअरमध्ये सरळ चढवा, गिअरमध्येच ठेवून बंद करा आणि बोट सुटेपर्यंत गाडीपासून हलू नका. बोट निघाली की शास्त्री नदीच्या खाडीचा वारा तोंडावर येतो, सायलेन्सर थंड होताना टिक टिक करत असतो, शेजारी कुणीतरी काका त्यांच्या स्कूटरवर माशाची पाटी बांधून उभे असतात आणि हमखास विचारतात, कितीला पडली, ॲव्हरेज काय देते. सांगा त्यांना नीट, 28-30 देते म्हणून. पलीकडं मालगुंड, केशवसुतांचं गाव, मग गणपतीपुळे, रत्नागिरी, आणि साखरप्यावरून आंबा घाट चढून मलकापूर, कराड, घर. दोन दिवसांच्या हिशोबात जरा ओढाताण होते, सोमवारची रजा टाकली तर उत्तम, पण पंधरा दिवसांच्या सुट्टीपेक्षा एक रजा मिळणं सोपं.

तेवढाही वेळ नसेल तर कास, बामणोली, एका सकाळचं काम. मुलगा थोडा मोठा झाला, पाय फुटरेस्टला पुरायला लागले की त्याच्या मापाचं हेल्मेट घेऊन त्यालाही न्या. कोकणातून आल्यावर मात्र गाडी त्याच आठवड्यात गोड्या पाण्यानं धुवा, चेन पुसून परत लूब मारा, खारं वारं आऱ्यांना आणि नटबोल्टांना खातं. आणि चार वर्षं बहुतेक उभीच असलेली गाडी आहे तर निघण्याआधी ऑइल, ब्रेक फ्लुइड, बॅटरी बघून घ्या, टायरवरची तारीख पण बघा, शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष.

प्रश्न: पावसात मागचा एबीएस बंद करावा का? – एक वाचक, महाड

डांबरावर नाही, कधीच नाही. एबीएस म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. ती बंद करायचं बटण खडीच्या आणि मातीच्या उतारासाठी आहे, तिथं एबीएस चाक सोडत राहतो आणि गाडी थांबतच नाही असं वाटतं. ओल्या डांबरावर तो चालूच हवा.

प्रश्न: माझी मुलगी 22 वर्षांची आहे, पहिल्या वर्षाच्या पगारातून सेकंडहँड ॲडव्हेंचर गाडी घ्यायची म्हणते. आजवर स्कूटी चालवली आहे. मला काळजी वाटते. नको म्हणू का? – एक आई, नाशिक

ताई, नको म्हणू नका, बरोबर जाऊन गाडी बघा. तिला पहिली गाडी म्हणून एक्सपल्स सुचवा, हलकी आहे. सेकंडहँड बघताना पुढचं चाक उचलून फिरवून बघायचं, रिम डुलतेय का ते लगेच दिसतं. मग हँडल अगदी हळू डावी-उजवीकडं फिरवायचं, मधोमध खाच लागल्यासारखं अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलाय. पुढच्या शॉकअपच्या दांड्यांवर तेलाचा ओघळ नको. मागच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेनच्या दातेरी चक्राचे, दात वाकून हुकासारखे झाले असतील तर पूर्ण चेनसेटचा खर्च किमतीतून कमी करायला सांगा. वाकून इंजिनाखालची बॅश प्लेट बघा, ओरखडे असणारच, पण ती चेपून इंजिनाला टेकली असेल तर ती गाडी सोडा. आरसीवर कर्जाचा बोजा आहे का तेही बघा.

गाडीचं बजेट ठरवताना हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्हज आणि घोट्याच्या वरपर्यंतचे बूट यांचे पैसे आधी बाजूला काढा आणि उरलेल्यात गाडी घ्या, हा क्रम उलटा होऊ देऊ नका. हेल्मेट आयएसआयचं आणि पूर्ण तोंड झाकणारं. क्लच-गिअरची सवय नाही तर पहिला महिना पहाटे मोकळ्या मैदानात, हाफ क्लचवर हळू आठचा आकडा काढायचा, उभं राहून चालवायचं, पुढचा ब्रेक जोरात दाबून तो कसा लागतो ते बघायचं. आणि पहिले हजार किलोमीटर मागं कुणालाही बसवायचं नाही, मैत्रिणींना नाही आणि तुम्हालाही नाही.