महाराष्ट्रात दोघांनीच दिवसभर नदीतून बोटीने जाण्यासारखी जागा कोणती?

लग्नाच्या वाढदिवशी दोघांनाच दिवसभर नदीतून बोटीने जायचे आहे, पण गोव्यातल्या मांडवी नदीवरच्या क्रूझसारखा गाण्यांचा गोंगाट नको, असे आपण लिहिले आहे. माझे उत्तर वाशिष्ठी हे आहे. चिपळूणच्या गोवळकोट धक्क्यावरून निघावे आणि खाडीच्या मुखाशी दाभोळला उतरावे. पाण्याच्या वाटेने हे अंतर सुमारे ४० किलोमीटर भरते. मगरी दाखवून थोड्या वेळात परत आणणाऱ्या फेऱ्या तिथे मिळतात, पण त्यांत नदीची एकदोन वळणेच पाहून होतात. मी आणि पत्नी थेट दाभोळपर्यंत गेलो होतो आणि आपणही तसेच जावे, असे मी सुचवेन. त्यासाठी होडीवाल्याशी आधी बोलून, डिझेलसकट पूर्ण दिवसाचे भाडे ठरवून घ्यावे.

दिवस ठरवताना तारखेच्या आधी तिथी पाहावी, कारण गोवळकोटपर्यंत नदी भरती-ओहोटीच्या तालावर चालते. किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा, की तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. दशमीला समुद्रावर साडेसातच्या सुमारास भरती पूर्ण होते आणि ती आत चिपळूणपर्यंत पोहोचायला आणखी वेळ लागतो. म्हणजे नवमी ते एकादशी या दिवसांत सावकाश न्याहारी करून धक्क्यावर गेले, तरी पाणी नुकतेच वळलेले असते आणि पुढचे काही तास ओहोटीच होडीला खाली नेते. हे भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीत कमी फरक असण्याचे दिवस असल्यामुळे पाण्याची ओढही बेताची असते. याउलट अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास येते, त्यामुळे सकाळचा चांगला वेळ चढत्या पाण्याशी झगडण्यात जातो. वाढदिवसाची तारीख आणि तिथी जुळत नसतील, तर वाढदिवस चार दिवस पुढे ढकलावा; पत्नीची समजूत काढणे समुद्राची समजूत काढण्यापेक्षा सोपे आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, कारण थंडीत मगरी ऊन खायला काठावर येतात आणि ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलावर तासन्‌तास पडून राहतात. इंजिन लांबूनच बंद करायला सांगावे, म्हणजे त्या बिचकत नाहीत. आम्ही पाहिलेल्या एका मोठ्या मगरीच्या पाठीवरचा चिखल वाळून भेगाळला होता, पोटाजवळचा मात्र अजून ओला होता, आणि जबडा सताड उघडा होता. तो राग नसून शरीरातली जास्तीची उष्णता बाहेर टाकण्याची पद्धत असते. हात पाण्यात घालू नये आणि जीवरक्षक जॅकेट शेवटपर्यंत अंगावर ठेवावे, हे वेगळे सांगायला नको.

ऐन उन्हाळ्यातही ही नदी आटत नाही, त्याचे कारण सह्याद्रीपलीकडे आहे. कोयनेचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला वळवून पोफळी आणि कोळकेवाडी येथे वीजनिर्मिती केल्यावर वाशिष्ठीत सोडले जाते. म्हणजे आपण ज्या पाण्यावरून जातो, त्यातले बरेचसे एरवी कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला गेले असते.

पुढे खेडकडून येणारी जगबुडी मिळते, पात्र रुंदावते आणि दोन्ही काठांना कांदळवन दाट होत जाते. हा टप्पा काहींना लांबलेला वाटेल. मला तोच सर्वांत आवडला, कारण पाहण्यासारखे विशेष काही नसल्यामुळे आम्हा दोघांना निवांत बोलता आले. होडीत स्वच्छतागृह नसते, त्यामुळे वाटेत एखाद्या गावाच्या धक्क्याला थांबायचे आधीच ठरवावे. दुपारनंतर पश्चिमेचा वारा समोरून येतो आणि मुखाजवळ होडी बरीच हलते. बोट लागत असेल, तर जेवण हलके ठेवावे.

दाभोळ हे एके काळी मोठे बंदर होते. रशियन प्रवासी अफनासी निकितिन १४७० च्या दशकात परतीच्या प्रवासासाठी इथूनच जहाजावर चढला आणि १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगिजांनी हे शहर लुटून जाळले. किनाऱ्याजवळची आदिलशाही काळातली मशीद अवश्य पाहावी.

परत मात्र होडीने येऊ नये. दाभोळहून फेरीबोटीने पलीकडच्या धोपाव्याला उतरावे, तिथे आधी सांगून ठेवलेली गाडी घ्यावी आणि गुहागरमार्गे चिपळूण गाठावे. स्वतःची गाडी गोवळकोटला ठेवणार असाल, तर ती कुठे उभी करायची हे होडीवाल्यालाच विचारावे.