गोळ्या चुकू नयेत म्हणून ‘ब्रेनस्टॉर्मिंग’ घ्यायचंय?

सिस्टर, तुमच्या ओपीडीतले बीपी-शुगरचे म्हातारे पेशंट गोळ्या चुकवतात आणि साहेबांनी त्यावर ब्रेनस्टॉर्मिंग, म्हणजे सगळ्यांनी बसून उपाय सुचवायची बैठक, घ्यायला सांगितलंय. ग्रामीण रुग्णालयात २६ वर्षं काढली, त्यावरून सांगते: “पेशंटला समजवायचं कसं” हा प्रश्न फळ्यावर लिहूच नका. पोस्टर लावू, समुपदेशन करू, एवढंच निघतं आणि चहा येतो.

प्रश्न उलटा टाका. गोळ्या हमखास चुकाव्यात म्हणून काय काय करता येईल? आमच्याकडे आधी हशा पिकला, मग औषधं देणारा मुलगा म्हणाला, “ते तर आपण रोज करतोय की!” गोळ्यांची पट्टी कापताना औषधाचं नाव नेमकं दुसऱ्या तुकड्यावर राहायचं. बीपीची गोळी पांढरी, शुगरचीही पांढरी, दोन्ही एकाच पुडीत. उत्तरं बिननावी चिठ्ठ्यांवर घ्या हो. साहेब आधी बोलले की बाकीचे नुसत्या माना डोलावतात.

दुसरं, समोरच्याला काय येतं ते बघा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यापुढे असाच पेच होता. न्यूमोनिया ओळखायला बाळाचे श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त म्हणजे धोका. गावातल्या दाईंना साठपर्यंत मोजता येईना, पण दहापर्यंत यायचं. मग मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मणी असं साधन केलं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत सहावा, लाल मणी सरकला की न्यूमोनिया समजायचा. १९९२ साली त्यावर शोधनिबंधही आला. दाईंसाठी अंकगणिताचे वर्ग काढत बसले नाहीत, हे मला फार आवडतं.

आमची मात्र फजिती झाली. पुड्यांवर सूर्य आणि चंद्रकोर काढली. महिन्याने एक आजी आल्या, बीपी चढलेलं, रात्रीच्या गोळ्या तशाच. म्हणाल्या, “कोर दिसली त्या राती घेतली की!” मग विचारलं, संध्याकाळनंतर रोज न चुकता काय करता? “देवापुढं दिवा लावते.” डॉक्टरांना विचारून गोळी दिवेलागणीवर आणली आणि पुडीवर दिवा काढला. मशिदीजवळच्या वस्तीत दिवा चालणार नाही, हे त्या औषधवाल्या मुलानेच सांगितलं; तिथे सूर्यास्ताची, मगरिबची अजान धरली.