पासिंग, विमा आणि पीयूसी : वाचकांच्या तक्रारी व त्यांची उत्तरे

वाहनांच्या सक्तीच्या तपासणीबद्दल आणि विम्याच्या कागदपत्रांबद्दल या वेळी आलेली पत्रे वाचताना एक गोष्ट जाणवली. बहुतेकांचा राग नियमावर नाही, तर नियम पाळूनही होणाऱ्या मनस्तापावर आहे. तो राग मला बव्हंशी रास्त वाटतो. मात्र अपघात दाव्यांची कागदपत्रे अनेक वर्षे हाताळल्यामुळे या कागदांकडे मी दुसऱ्या बाजूनेही पाहतो. अपघातात सापडलेल्या माणसाने ना ती गाडी घेतलेली असते, ना तिच्या विम्याचा हप्ता भरलेला असतो, आणि तरीही त्याचे पुढचे सारे आयुष्य तपासणीच्या आणि विम्याच्या या दोन कागदांवर अवलंबून राहते.

प्रश्न : माझी रिक्षा अकरा वर्षांची आहे. दरवर्षी पासिंगसाठी दोन-तीन दिवसांचा धंदा बुडतो. गेल्या वर्षी तपासणीची तारीख मिळेपर्यंत मुदतच उलटून गेली होती. खासगी मोटारीला पंधरा वर्षे कोणी विचारत नाही, मग आम्हालाच दरवर्षी का? (एक रिक्षाचालक, नाशिक)

फरक वाहनाच्या वापरातून येतो. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते, तर प्रवासी किंवा माल वाहणाऱ्या वाहनाला योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे आपल्या भाषेत पासिंग, लागते. नवी गाडी असेल तर ते सुरुवातीला दोन वर्षांचे मिळते, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी त्याचे नूतनीकरण करावे लागते. रिक्षा दिवसभर धावते, तिचे ब्रेक, टायर आणि सुकाणू खासगी गाडीच्या कितीतरी पट झिजतात आणि तिच्यात बसणाऱ्या प्रवाशाला ते तपासून पाहण्याची कोणतीही सोय नसते. म्हणून दरवर्षीच्या तपासणीचे तत्त्व मला मान्य आहे.

मान्य नाही ती त्या तपासणीची पद्धत. पुण्यातील एका नागरिकाच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने आग्रह धरला, तेव्हा कुठे ब्रेक तपासण्यासाठी २५० मीटर लांबीचा चाचणी मार्ग असल्याशिवाय पासिंग करू नये, ही गोष्ट राज्यातील परिवहन कार्यालयांनी गांभीर्याने घेतली. तोवर अनेक ठिकाणी गाडी चार पावले पुढे-मागे करून ब्रेक ‘तपासले’ जात होते. मार्गासाठी शहरात जागा नसल्याने पुण्यातील गाड्या शहराबाहेर दिवे गावातील चाचणी मार्गावर न्याव्या लागू लागल्या. तपासणी खरी झाली, पण तिचा भार वाहनचालकाच्या बुडालेल्या दिवसावर पडला. यंत्रांद्वारे तपासणी करणाऱ्या स्वयंचलित केंद्रांचे नियम केंद्राने २०२१ मध्ये केले. निरीक्षकाच्या नजरेऐवजी यंत्राच्या आकड्यावर निर्णय होणे चालकाच्याही हिताचे आहे, कारण नापास का झालो हे त्याला नेमके कळते. मात्र अशी केंद्रे पुरेशा संख्येने आणि जवळपास असली, तरच त्यांचा उपयोग आहे.

मुदत उलटल्यावर दिवसाला ५० रुपये आकारण्याची तरतूद २०१६ च्या अखेरीस केंद्रीय नियमांत आली. २०२४ मध्ये महाराष्ट्रात तिची वसुली सुरू होताच रिक्षा-टॅक्सी संघटनांनी आंदोलन केले आणि राज्य सरकारने स्थगिती जाहीर केली. ज्याला वेळेत तारीखच मिळाली नाही, त्याच्याकडून विलंबाचा दंड घेणे अन्यायाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून मुदत संपण्याच्या महिनाभर आधी ऑनलाइन अर्ज करा आणि अर्जाची व शुल्काची पावती जपून ठेवा. उशीर तुमच्यामुळे झाला नाही, याचा तोच पुरावा असतो. गाडी नापास केली, तर कारणे लेखी मागा. मोटार वाहन कायद्याच्या ५७ व्या कलमानुसार तीस दिवसांत अपील करता येते.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. मुदत संपलेली रिक्षा ‘दोन दिवसांचाच प्रश्न आहे’ असे म्हणून रस्त्यावर काढू नका. कलम ५६ नुसार योग्यता प्रमाणपत्र नसलेल्या परिवहन वाहनाची नोंदणीच वैध मानली जात नाही. त्या दोन दिवसांत अपघात झाला, तर विमा कंपनी सर्वप्रथम याच मुद्द्यावर बोट ठेवते.

प्रश्न : माझ्या दुचाकीचा विमा चालू असूनही ‘विमा नाही’ म्हणून ई-चलान आले. पोलीस विमा कंपनीकडे जा म्हणतात आणि कंपनी पोलिसांकडे बोट दाखवते. (ठाणे)

प्रथम आपल्याकडे कोणता विमा चालू आहे, ते पाहावे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि नव्या मोटारीला तीन वर्षांचा त्रयस्थ पक्षाचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला होणाऱ्या हानीचा, विमा एकदमच घ्यावा लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र अनेकदा वर्षाचाच असतो. त्यामुळे काहींचा त्रयस्थ पक्षाचा विमा चालू असतो आणि दुसरा संपलेला असतो, तर काहींचे याच्या अगदी उलट झालेले असते. कायद्याने सक्तीचा आहे तो त्रयस्थ पक्षाचा. तो चालू असेल, तर चलान चुकीचे आहे.

अशी चूक बहुधा नोंदीत असते. रस्त्यावर यंत्रावर गाडीचा क्रमांक टाकल्यावर ‘वाहन’ या केंद्रीय प्रणालीतील नोंद दिसते आणि विम्याची माहिती तिथे कंपन्यांकडून येते. नवी गाडी घेताना विमा आधी उतरवला जातो व क्रमांक नंतर मिळतो, त्यामुळे विमापत्रावर क्रमांकाच्या जागी नुसते ‘नवीन’ असे लिहिलेले राहून जाते. कधी चेसिस क्रमांकातील एखादे अक्षर चुकलेले असते. आपले विमापत्र आरसीशेजारी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राशेजारी, ठेवून नोंदणी क्रमांक, चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक अक्षर न् अक्षर ताडून पाहा. फरक आढळला, तर कंपनीला ई-मेलने दुरुस्ती मागा. तोंडी सांगून भागत नाही. त्याच वेळी महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर विमापत्र जोडून तक्रार नोंदवा. कंपनीने महिनाभरात दाद दिली नाही, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

दंड भरून मोकळे होण्याचा मोह टाळावा. विम्याविना वाहन चालवल्यास पहिल्या वेळी २,००० आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड आहे, शिवाय तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेचीही तरतूद आहे. न केलेला गुन्हा आज कबूल केला, तर पुढचे चुकीचे चलान ‘दुसरा गुन्हा’ म्हणून मोजले जाऊ शकते.

प्रश्न : मुलगा परगावी गेल्यापासून त्याची स्कूटर घराबाहेर उभीच आहे. न चालणाऱ्या गाडीचा विमा भरणे म्हणजे पैसे वाया घालवणे नाही का? (एक गृहिणी, कराड)

ताई, आपला प्रश्न दिसतो तितका साधा नाही, आणि त्याच्या उत्तराची एक महत्त्वाची कडी आपल्याच सातारा जिल्ह्यात आहे. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे पुणे-बंगळूर महामार्गावर कवठे गावाजवळ पेट्रोलचा टँकर आणि ट्रक यांची धडक झाली. टँकर रस्त्याकडेला उलटला आणि त्यातून पेट्रोल गळू लागले. सुमारे चार तासांनंतर, सकाळी सव्वासातच्या सुमारास, त्याचा स्फोट झाला आणि तिथे जमलेले अनेक लोक भाजले, काही दगावले. उलटून पडलेला टँकर ‘वापरात’ नव्हता, त्यामुळे भरपाईचा प्रश्नच येत नाही, असा युक्तिवाद झाला. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. वाहन चालत नसले, जागेवरून हलू शकत नसले, तरी ते वापरात असू शकते, असे न्यायालयाने म्हटले आणि मृताच्या वारसांना भरपाईचा मार्ग मोकळा झाला.

कायद्यातील विम्याची सक्ती सार्वजनिक जागी वाहन वापरण्याला लागू आहे. घराच्या कुलूपबंद आवारात उभी असलेली स्कूटर आणि रस्त्याकडेला उभी केलेली स्कूटर यांत म्हणूनच फरक पडतो. आपली स्कूटर ‘घराबाहेर’, म्हणजे रस्त्यावर उभी असेल, तर विमा चालू ठेवावा. शिवाय सुट्टीत घरी आलेला मुलगा किल्ली घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाणार नाही, याची खात्री कोणती आई देऊ शकते? अशा पाच मिनिटांच्या फेरीत एखाद्याला धडक बसली, तर भरपाईची रक्कम आपल्या घरावर आणि जमिनीवर येते. मी अशी घरे पाहिली आहेत. खर्च कमी करायचा असेल, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा सोडून केवळ त्रयस्थ पक्षाचा ठेवा, मात्र मालक-चालकासाठीचे १५ लाख रुपयांचे व्यक्तिगत अपघात संरक्षण सोडू नका. आणि स्कूटर खरोखरच कोणाला नको असेल, तर रीतसर विकून टाका. रीतसर म्हणजे काय, ते पुढच्या प्रश्नात आले आहे.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी मोटारसायकल विकली. घेणाऱ्याने नाव बदलून घेतले नाही आणि विमाही भरला नाही. आता अपघाताची नोटीस माझ्या नावाने आली आहे. (शेतकरी, बार्शी)

दुर्दैवाने ती नोटीस चुकून आलेली नाही. नोंदणीत ज्याचे नाव आहे, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे आणि त्या प्रकरणातही गाडी हातोहात पुढे विकली गेली होती. नोटिशीकडे दुर्लक्ष करू नका. ताबडतोब वकील द्या, विक्रीची चिठ्ठी, पैसे मिळाल्याचा पुरावा व घेणाऱ्याचा पत्ता दाखल करा आणि घेणाऱ्यालाही दाव्यात सामील करण्याची मागणी करा. दिलेली रक्कम पुढे त्याच्याकडून वसूल करायची वेळ आली, तर हेच कागद कामी येतील.

इतरांसाठी सांगतो. राज्यातच विक्री झाली असेल, तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. त्यासाठी २९ आणि ३० क्रमांकाचे नमुने असतात. कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून ते घेणाऱ्याच्या किंवा एजंटाच्या हाती सोपवण्याची आपल्याकडची रीत फार घातक आहे. नाव बदलल्याची नोंद ऑनलाइन दिसेपर्यंत व्यवहार पुरा झाला, असे समजू नये.

प्रश्न : पीयूसी (प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र) संपली होती म्हणून अपघाताचा दावा नाकारता येतो का? (कोल्हापूर)

नाही. केवळ त्या कारणाने दावा नाकारता येत नाही, असा खुलासा विमा नियामकाने २०२० मध्येच केला आहे. पीयूसीशिवाय विम्याचे नूतनीकरण करू नये, या २०१७ च्या अटीतूनच हा समज पसरला आणि ती अटही सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये मागे घेतली. पीयूसी नसल्याचा दंड मात्र १०,००० रुपयांपर्यंत जाऊ शकतो. नव्या गाडीला पहिले वर्ष पीयूसी लागत नाही.

प्रश्न : कागदपत्रे मोबाइलवर दाखवली, तर पोलिसांनी ती मान्य करायला हवीत ना? (पणजी)

होय. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या सरकारी ॲपमधील कागदपत्रे २०१८ पासून नियमानेच मूळ कागदपत्रांइतकी ग्राह्य आहेत. आरसीचा मोबाइलवर काढलेला फोटो मात्र त्यात बसत नाही. पत्रावरून आपण फोटोच दाखवला असावा, असे वाटते.

प्रश्न : माझी मुलगी व्हॅनने शाळेत जाते. व्हॅनचे पासिंग आणि विमा चालू आहे की नाही, हे पालकाला कसे कळणार? चालकाला विचारले, तर तो रागावतो. (एक आई, नागपूर)

चालकाला विचारण्याची गरजच नाही. एम-परिवहन ॲपमध्ये व्हॅनचा क्रमांक टाकल्यावर योग्यता प्रमाणपत्र, विमा आणि पीयूसी यांच्या मुदतीच्या तारखा दिसतात. त्याआधी नंबरप्लेट पाहा. ती पांढरी असेल, तर ती खासगी गाडी आहे, तिला पहिली पंधरा वर्षे पासिंग लागतच नाही आणि म्हणून तिचे ब्रेक कोणी तपासलेलेही नसतात. भाडे घेऊन मुले नेणाऱ्या खासगी गाडीच्या अपघातात विमा कंपनी करारभंगाचा मुद्दा काढणार, हे ठरलेले असते.

अशा वेळी जखमी मुलाला काहीच मिळत नाही, असे नाही. कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सविस्तर मांडले आणि न्यायालये ते अनेकदा लावतात. पण तसा आदेश हाती पडेपर्यंत काही वर्षे जातात आणि रुग्णालयाचे बिल तितके थांबत नाही.

महाराष्ट्रात शालेय बससाठी २०११ चे स्वतंत्र नियम आहेत आणि त्यांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी. समितीत मुख्याध्यापकांबरोबर पालकांचाही प्रतिनिधी असतो. एकट्या आईने विचारले, तर चालक रागावतो. समितीने मागितले, तर त्याला कागद दाखवावेच लागतात. आपल्या शाळेत ही समिती आहे का, ते मुख्याध्यापकांना लेखी विचारा. त्या पत्राला मुलीच्या व्हॅनचा क्रमांक आणि ॲपमध्ये दिसलेल्या तीन तारखा जोडा, आणि त्यांपैकी एकही तारीख उलटलेली असेल, तर उत्तराची वाट न पाहता उद्यापासून मुलीला दुसऱ्या वाहनाने पाठवा.